चुनखडीतले तेल, अ‍ॅसिड आणि पाणी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी इतिहास आणि मराठी शिकविणारा माणूस. बी.ए., बी.एड. आजच्या भाषणाचा विषय मी फळ्यावर लिहिला तेव्हा आमचे विज्ञानाचे सर हसले आणि म्हणाले, "गुरुजी, आज आमच्या शेतात नांगर घालताय की काय?" त्यांची परवानगी घेऊनच उभा राहिलो आहे. हे भाषण त्यांनी आधी वाचून दोन ठिकाणी लाल शाईने दुरुस्तही करून दिले, हे प्रथमच कबूल करतो.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या चाचांमुळे. ते पहिल्या रांगेत बसले आहेत. १९८० साली ते आखातात गेले. शिक्षण सातवी. तेलविहिरींत अ‍ॅसिड सोडणाऱ्या एका तुकडीत हेल्पर म्हणून त्यांनी अनेक वर्षे काढली. सुट्टीवर आले की ते आम्हां मुलांना एक हकिगत सांगत. एका विहिरीचे तेल कमी झाले होते. साहेब लोकांनी ठरविले की अ‍ॅसिड सोडावयाचे. टँकर आले, पंप लागले, रात्रभर काम चालले. चार दिवसांनी विहीर जोरात वाहू लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. महिनाभराने पाहतात तो नळातून पाणीच पाणी, तेल नावाला. चाचा म्हणत, "अरे, आम्ही तेलासाठी दार उघडायला गेलो आणि पाणी घरात शिरलं!" मी विचारी, "असं का झालं चाचा?" ते म्हणत, "ते आम्हाला कोण सांगणार? आम्ही पाइप उचलणारी माणसं."

हे उत्तर माझ्या मनात कित्येक वर्षे सलत राहिले. ज्याच्या हाताने अ‍ॅसिड जाते त्याला ते कोठे जाते हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मला बरी वाटली नाही. म्हणून पुस्तके मिळविली, जाणत्यांना विचारले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्या घराघरांतून कोणी ना कोणी आखातात आहे किंवा होता, तेव्हा हा विषय परका वाटू नये.

प्रथम एक गैरसमज दूर करू. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. तेल असते दगडाच्या छिद्रांत, जसे ओल्या विटेत पाणी असते तसे. हा दगड काही ठिकाणी वाळूचा असतो, पण आखातात आणि इराण-इराकमध्ये तो मुख्यतः चुनखडीचा आहे. इराणात मस्जिद-ए-सुलेमान येथे २६ मे १९०८ रोजी तेल लागले ते अस्मारी नावाच्या चुनखडीत. इराकात किरकुकजवळ बाबा गुरगुर येथे ऑक्टोबर १९२७ मध्ये विहीर फुटून तेलाचा फवारा उडाला, तोही भेगाळलेल्या चुनखडीतूनच. सौदी अरबस्तानात १९३८ साली दम्मामची ७ क्रमांकाची विहीर वाहू लागली आणि १९४८ साली जगातले सर्वांत मोठे घवार क्षेत्र सापडले; तेथेही दगड चुनखडीचाच. आणि एवढे लांब जावयाचे कारण नाही. आपल्या मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तेथे तेल शोधले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथील मुख्य तेलथरही चुनखडीचाच आहे.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या कोकणात काळा पाषाण आहे, जांभा आहे, चुनखडी फारशी नाही. पण किनाऱ्यावरचे शिंपले हे कॅल्शियम कार्बोनेटच. पूर्वी शिंपले भाजून चुना करीत आणि त्यावर वाडे उभे राहत. आणखी जवळचे उदाहरण म्हणजे आपल्या न्हाणीघरातली शहाबादी फरशी. ती चुनखडीच आहे. संडास धुण्याचे अ‍ॅसिड, म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, तिच्यावर सांडले की फस्सकन फेस येतो आणि फरशी खरबरीत होते. येथे माताभगिनींना एक विनंती. हे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

फेस येतो तो कार्बन डाय ऑक्साइडचा. दहावीच्या मुलांना समीकरण पाठ आहे: एक रेणू कॅल्शियम कार्बोनेट आणि दोन रेणू हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड यांपासून कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डाय ऑक्साइड. घन दगड गेला आणि त्याच्या जागी पाण्यात विरघळणारे मीठ व वायू आला. तेलविहिरीत नेमके हेच घडवून आणतात. विहिरीत साधारणतः १५ टक्के तीव्रतेचे अ‍ॅसिड वापरतात. हिशोब करून पाहा. अशा एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर, अ‍ॅसिडात सुमारे २२० किलो चुनखडी विरघळते. दोन पोती सिमेंट १०० किलो. म्हणजे चार पोत्यांहून अधिक वजनाचा दगड हजार लिटर अ‍ॅसिड पोटात घालते. "हे समीकरण पाठ करून काय उपयोग?" असे विचारणाऱ्या मुलांनी हा हिशोब वहीत मांडून पाहावा.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात लिमा येथे हर्मन फ्रॅश नावाचा रसायनशास्त्रज्ञ तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यात होता. त्याने १८९६ साली चुनखडीतल्या तेलविहिरींत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडण्याचे पेटंट घेतले. तेल वाढे, पण अ‍ॅसिड लोखंडी नळ्याही खाई. त्यामुळे ती पद्धत मागे पडली ती तीसएक वर्षे. १९३२ सालच्या फेब्रुवारीत मिशिगन राज्यात डाऊ केमिकल आणि प्युअर ऑइल या कंपन्यांनी एका जवळजवळ मेलेल्या विहिरीत ५०० गॅलन अ‍ॅसिड सोडले, आणि त्यात आर्सेनिकचे एक संयुग मिसळले. त्यामुळे अ‍ॅसिडाने दगड खाल्ला, पण लोखंडाला फारसा हात लावला नाही. ती विहीर दिवसाला १६ पिंपे तेल देऊ लागली. आकडा लहान आहे, परंतु तेथून हा धंदा उभा राहिला. आर्सेनिक विषारी; आता लोखंड वाचविण्यासाठी दुसरी सेंद्रिय रसायने वापरतात.

येथपर्यंत सगळे सोपे आहे. चुनखडी अ‍ॅसिडात विरघळते, वाट मोकळी होते, तेल येते. मग चाचांच्या विहिरीत पाणी कोठून आले?

याचे उत्तर त्या दगडाच्या भेगांत आहे. इराण-इराकच्या डोंगराळ भागातली चुनखडी जमिनीच्या दाबाने वाकली, तडकली, तिच्यात असंख्य भेगा पडल्या. अशा दगडात तेल साठते ते बारीक छिद्रांत, पण वाहते ते भेगांतून. छिद्रे म्हणजे घरे आणि भेगा म्हणजे रस्ते. भेगा आहेत म्हणूनच बाबा गुरगुरसारखी विहीर एवढ्या जोराने उसळली. परंतु रस्ता हा कोणा एकासाठी नसतो. ज्या भेगेतून तेल येते तीच भेग खाली तेलाखालच्या पाण्यापर्यंत पोचलेली असू शकते.

तेलाखाली पाणी असतेच. तेल हलके, म्हणून वर. खारे पाणी जड, म्हणून खाली. किनाऱ्यावरच्या गावांतील मंडळींना हे वेगळे समजावून सांगावयास नको. आपल्या विहिरींतही गोडे पाणी वर आणि समुद्राचे खारे पाणी खाली असते. मे महिन्यात कोणी मोठा पंप लावून दिवसरात्र उपसा केला की विहीर मचूळ होते. खालचे खारे पाणी पंपाच्या ओढीने वर चढते. तेलविहिरीतही जोरात ओढले की पाण्याचा शंकू वर येतो. अखंड दगडात तो सावकाश चढतो, पण भेगेतून तो सरळ जिना चढल्यासारखा येतो.

आता त्यात अ‍ॅसिड घाला. अ‍ॅसिड आळशी असते. ते सोप्या वाटेने जाते. ज्या भागात तेल अडकले आहे, चिखल साचला आहे, तेथे वाट अरुंद. जी भेग आधीच रुंद आहे, तेथे वाट मोकळी. म्हणून अ‍ॅसिड त्या मोकळ्या भेगेत शिरते आणि तिलाच अधिक रुंद करते. त्यातून अ‍ॅसिड हे पाण्यासारखे पातळ. जाडसर तेलाने भरलेल्या दगडात शिरण्यापेक्षा पाण्याने भरलेल्या दगडात ते अधिक सहज शिरते. ज्याला औषधाची गरज आहे तो उपाशी आणि जो आधीच धडधाकट आहे त्याला दुप्पट डोस, असा हा प्रकार आहे.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी येथे कान टवकारावेत. भेगेतून वाहणारा द्रव भेगेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दाब तोच ठेवून रुंदी दुप्पट केली तर प्रवाह दुप्पट होत नाही, चौपटही नाही. तो आठपट होतो. तिप्पट केली तर २७ पट. समजा, एका विहिरीला दोन भेगा आहेत, एक तेलाची आणि एक पाण्याची, आणि दोन्हींतून सारखेच येते. अ‍ॅसिडाने तेलाची भेग तशीच ठेवली आणि पाण्याची दुप्पट रुंद केली. आता एक भाग तेलाला आठ भाग पाणी. चाचा, तुमच्या विहिरीत असेच काहीसे झाले असावे. पहिले चार दिवस जोर दिसला, कारण विहिरीच्या तोंडाशी साचलेली घाण गेली. महिन्याने पाणी आले, कारण खालचा रस्ता रुंद झाला होता.

"पाणी आले तर आले, वेगळे काढून टाकावे," असे कोणी म्हणेल. इतके सोपे नाही. पाणी तेलाहून जड. विहिरीच्या नळीत पाण्याचा स्तंभ उभा राहिला की त्याच्या वजनाने खालचे तेल दबते आणि विहीर आपोआप वाहणे थांबू शकते. खारे पाणी लोखंड गंजविते. नळ्यांत क्षार जमतात, आणि त्यांतला बेरियम सल्फेट नावाचा थर तर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडालाही दाद देत नाही. शिवाय वर आलेले खारे, तेलकट पाणी टाकावयाचे कोठे? ते पुन्हा जमिनीखाली दाबावे लागते, आणि त्यालाही पंप लागतो, इंधन लागते. जुन्या क्षेत्रांत तर तेलापेक्षा पाणीच अधिक वर काढावे लागते. त्यात काही पाणी माणसाने स्वतः घातलेले असते. जमिनीखालचा दाब टिकावा म्हणून घवारमध्ये आणि १९८४ पासून बॉम्बे हायमध्येही बाजूच्या विहिरींतून पाणी आत सोडले जाते. तेच पाणी भेगांतून आडवाट धरून तेलाच्या विहिरीत येऊ शकते.

यावर शहाण्या माणसांनी जे उपाय काढले त्यांतले काही मला फार आवडले, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातले आहेत.

एक उपाय फेसाचा. अ‍ॅसिडाच्या आधी साबणासारखे रसायन आणि नायट्रोजन वायू यांचा फेस सोडतात. तुपाचे भांडे घासणाऱ्या कोणत्याही बहिणीला ठाऊक आहे की तेलकट भांड्यावर फेस टिकत नाही. तेल गेले की मग फेस धरतो. जमिनीखालीही तेच. तेलाच्या भागात फेस मोडतो आणि वाट मोकळी राहते. पाण्याच्या भागात फेस टिकतो आणि वाट अडवितो. मागून येणारे अ‍ॅसिड मग नाइलाजाने तेलाच्या बाजूला वळते.

दुसरा उपाय बुजविण्याचा. बेन्झॉइक अ‍ॅसिडाचे कण सोडतात. बाजारच्या सरबताच्या बाटलीवर सोडियम बेन्झोएट हे नाव वाचले असेल, त्याच कुळातले हे रसायन. हे कण मोकळ्या भेगेच्या तोंडाशी बसतात, अ‍ॅसिडाला दुसरीकडे पाठवितात आणि नंतर तेलाच्या प्रवाहात हळूहळू विरघळून जातात. कोठे जाडे मीठ वापरतात, तर कोठे नळीच्या भोकांत बसणाऱ्या रबरी गोळ्या.

तिसरा उपाय अलीकडचा. अ‍ॅसिडात असे एक द्रव्य घालतात की अ‍ॅसिड ताजे असताना ते पातळ असते. पण दगड खाऊन अ‍ॅसिड निवले आणि त्यात कॅल्शियम वाढले की ते खिरीसारखे घट्ट होते. म्हणजे जेथे अ‍ॅसिड आधी शिरले तेथे त्याची त्यानेच वाट बंद केली, पुढचे अ‍ॅसिड दुसरीकडे गेले. पुढे तेलाशी गाठ पडली की हा घट्टपणा मोडतो. पाण्याच्या भागात तो मोडावयास तेल नसते, म्हणून तो अधिक टिकतो.

काही विहिरींत आधी पॉलिमरच्या लगद्याने पाण्याची भेग बुजवितात आणि मगच अ‍ॅसिड सोडतात. हा उपाय मला जोखमीचा वाटतो. भेग ओळखण्यात चूक झाली तर तेलाचाच रस्ता बंद! म्हणून औषधाआधी निदान महत्त्वाचे. विहिरीत उपकरण सोडून कोणत्या खोलीवर तेल येते आणि कोणत्या खोलीवर पाणी, हे मोजतात. अ‍ॅसिड सोडल्यावर तापमान मोजूनही ते कोठे शिरले याचा अंदाज बांधता येतो, कारण वरून आलेले द्रव थंड असते आणि खालचा दगड गरम. आता तर प्रकाशवाहक काचेच्या तंतूने विहिरीचे वरपासून खालपर्यंतचे तापमान चालू कामातच वाचता येते.

आणि सर्वांत शहाणा उपाय पुष्कळदा हा असतो की अ‍ॅसिड थोडे सोडावे, पाण्याच्या पातळीपासून दूर सोडावे, दाब इतका वाढवू नये की दगडच फाटेल. आणि कधी कधी अजिबात सोडू नये. विहीर ओढण्याचा वेग कमी करूनही पाणी उतरते. पण "काही करू नका" असे सांगणाऱ्याला साहेबांपुढे उभे राहावयास अभ्यास लागतो. पंप सुरू करावयास तेवढा लागत नाही.

आता पालकांशी दोन शब्द. चाचांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक डाग आहे. १९८६ साली टँकरची नळी सुटून अ‍ॅसिड अंगावर आले. हातमोजे होते, पण तोकडे. जवळ पाण्याची सोय नव्हती, आणि पहिली पंधरा मिनिटे भरपूर पाण्याने धुवावयाचे हे कोणी शिकविलेले नव्हते. पिंपावरची सूचना इंग्रजीत होती. ती कंपनी कोणती याच्याशी मला कर्तव्य नाही. मला कर्तव्य आहे ते याच्याशी की आपली मुले आजही याच कामावर जातात. जुन्या विहिरीत आयर्न सल्फाइड साचलेले असेल आणि त्यावर अ‍ॅसिड पडले तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. "वास गेला, धोका टळला" असे समजून पुढे जाणारा माणूस परत येत नाही. हे ज्ञान दहावीच्या पुस्तकापासून फार दूर नाही.

म्हणून व्हिसा आला की मुलाला बारावीतून उठवू नका, एवढेच माझे मागणे. ज्याला धीर नाही त्याने आय.टी.आय.मध्ये केमिकल प्लँटच्या अटेंडंट ऑपरेटरचा अभ्यासक्रम करावा, किंवा केमिकल इंजिनिअरिंगची पदविका घ्यावी. ज्याला आवड आहे त्याने रसायन किंवा भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे. धनबादला पेट्रोलियमची पदवी मिळते. उत्तर प्रदेशात जाईस येथेही त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. मुलींच्या पालकांनाही हेच सांगतो. दगडाचे नमुने तपासणे, अ‍ॅसिडाची चाचणी घेणे ही प्रयोगशाळेतली कामे आहेत. आमच्या नववीतल्या एका मुलीने आठपटीचे ते गणित माझ्याआधी सोडविले, आणि मी फळ्यावर केलेली चूकही दाखविली.

शेवटी प्रयोग. टेबलावर दोन शहाबादी तुकडे आहेत, दोन्हींना मधोमध तडा. विज्ञानाचे सर मोजे आणि चष्मा घालून उभे आहेत. मुलांनी तीन हात मागे सरावे. अ‍ॅसिड पातळ करताना सरांनी पाण्यात अ‍ॅसिड घातले, अ‍ॅसिडात पाणी नव्हे, हे पाहून ठेवा.

पहिल्या तुकड्यावर अ‍ॅसिड ओतले. पाहा, सगळे तड्यात गेले आणि खालच्या ताटलीत गळले. वरची फरशी जवळजवळ कोरडीच. दुसऱ्या तुकड्याच्या तड्यात आम्ही सकाळी मेणबत्तीचे मेण भरून ठेवले आहे. आता ओततो. फेस फरशीभर पसरला, ताटली कोरडी. तेलविहिरींतही काही ठिकाणी मेणाचे कण याच कामाला वापरतात. नंतर ते गरम तेलात विरघळतात.

(प्रयोग चालू असता चाचा उठून टेबलापाशी आले. ताटलीत गळलेल्या पाण्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "आमच्या वेळेला मेण कोणी घातलं नव्हतं." मग त्यांनी सरांकडून मोजे मागून घेतले आणि तिसरा तुकडा स्वतः करून पाहिला.)